मांजराने घेतलेलं माप

तळाचा नकाशा

दुपारची जेवणं झाली, बाई आडव्या झाल्या, त्यांचा श्वास संथ झाला, आणि पट्टीसाहेब पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसले. एका हातात पुठ्ठ्याला चिमट्याने लावलेला कोरा कागद, दुसऱ्या हातात नुकतंच टोक केलेली पेन्सिल. पुठ्ठा त्यांनी बाईंच्या उजव्या तळव्याला हलकेच टेकवला आणि टाचेपासून रेघ सुरू केली.

कुणाच्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून लगेच सांगितलेलं बरं, की बाई म्हणजे त्यांच्या लग्नाची बायको. शाळेत शिकवतात म्हणून सगळी वस्ती त्यांना बाई म्हणते. आणि पट्टीसाहेब बांधकाम खात्यातले ड्राफ्ट्समन. नोकरी संपली तरी शर्टाच्या खिशातली पट्टी काही निघाली नाही, म्हणून हे नाव. एकूण काय, शिकवणार एक आणि पट्टी दुसऱ्याच्या खिशात, असं ते घर होतं.

रेघ टाचेला वळसा घालून निघाली, कडेकडेने सरकत करंगळीपाशी आली, आणि तिथे बाईंच्या पायाची बोटं एकदम आखडली.

"मांजर आलंय वाटतं," बाई डोळे न उघडता पुटपुटल्या.

त्यांच्या घरात मांजर नव्हतं. पट्टीसाहेबांचा हात हवेत राहिला. उभ्या हयातीत ज्या माणसाने पुलाचा एक खांब इकडचा तिकडे दाखवला नाही, त्याच्यावर आता आपल्याच घरात, आपल्याच बायकोच्या पायाशी, गुडघ्यांवर बसून विचार करण्याची वेळ आली. विचार फार वेळ चालला नाही.

"म्याव," पट्टीसाहेब म्हणाले.

बाई कुशीवर वळल्या नाहीत. बोटं हळूहळू सैल झाली. उरलेली रेघ त्यांनी श्वास रोखून पुरी केली आणि रांगत स्वयंपाकघरात गेले, कारण उभं राहिलं की गुडघे वाजतात.

(सुधारणा: वरच्या मजकुरात बाई झोपल्या होत्या असं धरलं आहे. पट्टीसाहेबांनीही तसंच धरलं होतं. सध्या राहू द्या.)

दर्शनी भाग

या उद्योगाचं कारण एक पूल. मोठा नाही. वस्तीच्या टोकाला कालवा आहे, त्याच्यावर पायी जाण्यापुरता. त्याच्या कठड्यांचे नकाशे पट्टीसाहेबांनी नोकरीच्या पहिल्या दिवसांत काढले होते. रोज संध्याकाळी दोघं तिथपर्यंत चालत जायची आणि पलीकडच्या लोखंडी बाकावर बसायची. पट्टीसाहेब हात मागे बांधून चालत आणि कठड्यांविषयी बोलत. बाई खांद्याला पर्स लावून चालत आणि ऐकत.

मग एक दिवस बाई म्हणाल्या, "आज तुम्ही जाऊन या." दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. पुढे पुढे तर म्हणायच्याही थांबल्या, नुसत्या दारापर्यंत येऊन उभ्या राहायच्या.

पट्टीसाहेबांनी हे मनाला लावून घेतलं. त्यांनी बसल्या बसल्या निष्कर्ष काढला की बायको आपल्याला कंटाळली. एवढी वर्षं एका कठड्याविषयी ऐकायचं म्हणजे थोडं नव्हे. ते एकटेच जाऊ लागले. बाकावर अर्ध्याच भागात बसत, उरलेला अर्धा सवयीने मोकळा ठेवत. आणि काय चमत्कार, तो बाकच बिघडला. पूर्वी इतका बरा वाटायचा, आता गार लागायचा, टोचायचा. घसा कोरडा पडायचा. येताना रस्त्यात ठेचा लागायच्या. रस्त्यावरचे दिवे मंद केल्याबद्दल त्यांनी नगरपालिकेकडे रीतसर तक्रारही केली. नगरपालिकेचा माणूस आला, खांबाखाली उभा राहून वर बघितलं आणि म्हणाला, "दिवे तेच आहेत हो. तुम्ही एकटे आहात का?" या प्रश्नाचा तक्रारीशी काय संबंध ते पट्टीसाहेबांना कळलं नाही, पण घरी येईपर्यंत तो डोक्यातून गेला नाही.

शेवटी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात गाठलं.

"भांडलात का हो दोघं?"

"नाही बुवा."

"मग बाई फिरायला का येत नाही तुमच्याबरोबर?"

"त्यांना कंटाळा येत असेल."

काकूंनी हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. पिशवी खाली ठेवली म्हणजे काकू आता मनापासून बोलणार. "कंटाळा? अहो, पाय दुखतात तिचे. शाळेतून येते ती भिंत धरत धरत जिना चढते. चपलांचे तळवे बघितलेत कधी? आणि ती पर्स? एक खांदा खाली आलाय बाईचा. तुम्ही म्हणे मापं घेता."

पट्टीसाहेबांना वाईट वाटायला हवं होतं. ते वाटलंच, पण जरा मागाहून. आधी त्यांना इतकं बरं वाटलं, की काकूंची पिशवी उचलून ते वरपर्यंत देऊन आले. कंटाळा नाही. पाय आहेत. पायांचं काहीतरी करता येतं.

बाईंना विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, "काही नको, चालतंय." त्या लग्नापासून सगळ्याला हेच म्हणतात. तेव्हा गुपचूप आणायचं ठरलं: मऊ बूट एक जोड, शोभेलशी पर्स एक, आणि संध्याकाळ पहिल्यासारखी.

जिन्यातला मजकूर

गुपित फक्त वरच्या काकूंना माहीत होतं, त्यामुळे रात्रीपर्यंत ते समोरच्या वकिलांनाही माहीत झालं. खाली जे आहे ते जिन्यात, निरनिराळ्या वेळी, पट्टीसाहेबांना अडवून बोललं गेलं.

"पर्स लहान घ्या बरं का. मोठी घेतली की भरते. लहान घेतली की माणूस विचार करतो," काकू.

"पावती जपून ठेवा. पावती नाही म्हणजे तुम्ही नाही. आणि बूट नेहमी दिवस कलल्यावर घ्यावेत, सकाळी पाऊल वेगळं असतं, यावरून माझा एक दावा..." वकील. तो दावा तिसऱ्या पायरीवर सुरू झाला आणि रस्त्यापर्यंत चालला, त्यामुळे आधीचं वाक्य पट्टीसाहेबांच्या हाती लागलंच नाही.

"रंग सगळ्यावर जाईल असा घ्या." पुन्हा काकू.

"म्हणजे कुठला?"

"तो तुम्हाला नाही कळायचा."

आणि फोनवरून लेक: "बाबा, आईला छान दिसायला आवडतं, ती सांगत नाही. उगाच म्हातारीचे बूट उचलून आणू नका."

मधल्या काळात घरात बशीभर दूध दिसू लागलं. स्वयंपाकघराच्या दाराशी, रोज दुपारी. "ते मांजर आलं तर उपाशी जायला नको," बाई म्हणाल्या. आता नसलेल्या मांजराचं दूध पडून राहिलं तर प्रश्न निघणार. ओतून द्यावं तर जिवावर येणार. पट्टीसाहेब रोज दुपारी इकडे तिकडे बघून, दाराआड उभे राहून, बिनसाखरेचं गार दूध पिऊ लागले.

एकदा त्यांनी बाईंना काकूंशी बोलताना ऐकलं. "आमच्याकडे मांजर येतं हल्ली. फार गुणी आहे. दूध पितं आणि बशी धुऊन ठेवतं."

त्या दिवसापासून त्यांनी बशी धुणं बंद केलं.

बांधकाम

दुकान मोठं होतं. एका बाजूला बूट, दुसऱ्या बाजूला पर्सा, मध्ये आरसे. पट्टीसाहेब सकाळी सकाळी, उघडल्याबरोबर पोचले. बूट दाखवणारी मुलगी पुढे आली.

"कुणासाठी बघताय?"

पट्टीसाहेबांनी गुंडाळी सोडवली आणि काउंटरवर पसरली. बाईंच्या पावलाचा नकाशा. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट, चौकटीत प्रमाण, आणि वर, हात सवयीने गेला म्हणून, उत्तर दिशेचा बाण. मुलीने कागद आडवा धरला, मग उभा धरला.

"बाण कशाचा आहे?"

"ते सोडून द्या."

"मॅडमना घेऊन आलात तर बरं पडेल. घालून बघावे लागतात."

"ते शक्य नाही. हे त्या झोपलेल्या असताना काढलंय."

मुलीचा चेहरा बदलला. आवाज हळू झाला. "कधीपासून झोपून आहेत?"

"जेवण झाल्यापासून."

"म्हणजे... बऱ्या आहेत?"

"ठणठणीत. शाळेत शिकवतात."

मुलीने या माणसापुढे जास्त चौकशी न करता बूट काढायला सुरुवात केली. पट्टीसाहेब प्रत्येक बुटात पट्टी घालत, आकडा बघत, आणि सवयीने तो बुटाच्या खोक्यावर पेन्सिलीने मांडत. शेवटी जो जोड ठरला तो खरोखर देखणा होता. काळपट निळा, निमुळता, आतून कापसासारखा. नकाशा त्याच्या तळाशी ठेवला तर चारी बाजूंनी रेघेला रेघ. पट्टीसाहेबांना गहिवरून आलं.

पर्सच्या बाजूला मात्र पंचाईत झाली. बुटांनीच बजेटचा मोठा लचका तोडला होता. त्यात बसणाऱ्या मोठ्या पर्सा होत्या त्या पोत्यासारख्या, आणि ज्या बघवत होत्या त्या बजेटच्या पलीकडे. उरली एक लहानशी, गर्द लाल, चाप बंद करताना टक्क आवाज करणारी. पट्टीसाहेबांनी आतली लांबी घेतली, बाहेरची घेतली.

"मॅडम पर्समध्ये काय काय ठेवतात?" मुलीने विचारलं.

पट्टीसाहेब थांबले. मग म्हणाले, "बायकांचं काय असतं ते."

हे वाक्य लक्षात ठेवा. त्यांना ते नंतर पुष्कळ दिवस आठवत होतं.

भार

संध्याकाळी बाई शाळेतून आल्या, पर्स खुर्चीवर ठेवली, खुर्ची करकरली. समोर दोन खोकी.

बाईंनी आधी बूट काढले. हातात घेऊन उलटसुलट बघितले, अंगठ्याने आतला मऊपणा दाबून पाहिला. त्यांच्या डोळ्यांत जे आलं ते पट्टीसाहेबांनी बघितलं, आणि पाणी आणतो म्हणून आत गेले.

बाहेर आले तेव्हा बाई उभ्या होत्या. बूट पायांत होते, म्हणजे जेवढे जातील तेवढे.

"छान आहेत," बाई म्हणाल्या. "होतील सैल."

"चालून बघ की."

बाई चालल्या. कोपऱ्यावरच्या टेबलापर्यंत नीट गेल्या. तिथे त्यांनी टेबलाची कड धरली आणि ती सोडली नाही.

"चावतायत का?"

"काही नाही हो. चालतंय."

"माप चुकणं शक्य नाही," पट्टीसाहेब म्हणाले. त्यांनी कपाटामागून नकाशा काढला, जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या. "बूट काढ. उभी राहा याच्यावर."

नकाशा कशाचा, कधी काढला, हे बाईंनी विचारलं नाही. उजवं पाऊल त्या रेघेत ठेवलं आणि अंग टाकलं.

पाऊल रेघेबाहेर पसरलं. अंगठ्याकडून, करंगळीकडून, टाचेकडून. पट्टीसाहेब वाकून बघत राहिले. तुळई असो, छत असो, पूल असो, त्याच्यावर माणसं-गाड्या चढल्यावर ती किती दबेल हे धरल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून एक कागद पुढे गेला नव्हता. आणि बायकोचं पाऊल त्यांनी रिकामं मोजलं होतं.

"पर्स घे बरं खांद्याला," ते हळूच म्हणाले.

बाईंनी पर्स घेतली. पाऊल आणखी थोडं पसरलं.

"बघू ती इकडे."

बाईंनी पर्स त्यांच्या हातात दिली, आणि पट्टीसाहेब ज्या बाजूला पर्स होती त्या बाजूला कलले.

"यात आहे तरी काय?"

"काही नाही. नेहमीचंच."

छेद

टेबलावर पर्स उलटी केली तेव्हा आधी पडला पट्टीसाहेबांचा जादा चष्मा, मग तो हरवला तर म्हणून ठेवलेला त्याच्या आधीचा चष्मा. त्यांच्या गोळ्या. त्यांना मध्येच गळाल्यासारखं होतं म्हणून बिस्किटं. त्यांना खोकला येतो म्हणून लवंगांची डबी. पाण्याची बाटली. कालव्यावर वारा असतो म्हणून त्यांचा मफलर. घडीची छत्री. तळाला हात घालून ओढावी लागली अशी चपटी गादी, बाकाच्या मापाची. आणि एक विजेरी, कारण येताना अंधारतं आणि त्यांना संधिप्रकाशात दिसत नाही.

बाईंच्या स्वतःच्या तीन वस्तू निघाल्या: रुमाल, किल्ली आणि तपासायचं लाल पेन.

पट्टीसाहेब त्या ढिगाकडे बघत राहिले. बाक टोचायला का लागला ते त्यांना कळलं. दिवे कुणी मंद केले तेही कळलं. नगरपालिकेची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली.

"हे सगळं रोज शाळेतही नेतेस?"

"रोज काढा, रोज भरा, कोण करत बसतंय. आणि तुम्ही अचानक म्हणालात चल, तर?"

"मी एकटा जात होतो तेव्हा द्यायचं होतंस."

"तुम्ही हात मागे बांधून जाता. कुठल्या हातात देऊ?"

बाई गादीवरची धूळ झटकत राहिल्या. मग गादीकडेच बघत म्हणाल्या, "मनात आलं होतं द्यायचं. पण मग तुम्हाला माझ्यावाचून सगळंच जमलं असतं."

पट्टीसाहेबांनी दोन्ही चष्मे पुसले. डोळ्यांवर होता तो तिसराही पुसला.

बदली खिडकी

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर दोघं दुकानात गेली. पर्स पट्टीसाहेबांच्या आग्रहावरून पूर्ण भरलेली, आणि बाईंच्याच खांद्यावर, कारण माप भारासकट घ्यायचं होतं.

माल बदलून देण्याच्या खिडकीत एक गृहस्थ होते. त्यांनी बुटांचे तळ बघितले, शिवण बघितली, पावती दिव्यासमोर धरली. सगळं ठीक होतं. मग त्यांनी खोकं फिरवलं.

"यावर लिहिलंय."

"ती मापं आहेत," पट्टीसाहेब म्हणाले.

"खोकं कोरं लागतं. लिहिलेलं खोकं म्हणजे वापरलेला माल."

"बूट वापरलेले नाहीत."

"बुटांबद्दल काही म्हणणं नाही. खोकं वापरलंय."

"पेन्सिल आहे ती, खोडता येते."

"मग खोडा."

शर्टाच्या खिशात पट्टीशेजारी खोडरबर असतोच. भर दुकानात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत, बूट घालायच्या ठेंगण्या स्टुलावर बसून, ज्यांच्या नकाशांत चूक काढायला मोठमोठे इंजिनिअर बिचकत ते पट्टीसाहेब पुठ्ठ्याचं खोकं खोडू लागले. एका लहान मुलीने आईला विचारलं, "ते काय करतायत?" आई म्हणाली, "बघू नये असं." खिडकीतल्या गृहस्थांनी शेवटी खोकं जवळ घेतलं, कण फुंकले, आणि एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "इथे एक सात राहिलाय."

सात खोडला.

मग बाई उभ्या राहिल्या, भारासकट. तीच मुलगी बूट आणत गेली. जो जोड पायांना लागला तो रुंद होता, बोथट नाकाचा, विटेच्या रंगाचा. बाई त्यात चालल्या. टेबल नव्हतं, कड धरायला काही नव्हतं, आणि त्यांनी काही शोधलंही नाही. वळून आरशासमोर आल्या.

"पोस्टमनसारखी दिसते मी."

पट्टीसाहेबांनी नीट बघितलं. लेकीचं बोलणं आठवलं. खोटं बोलणं जमेना. "दिसतेस खरी," ते म्हणाले. "पण पोस्टमनची सगळे वाट बघत असतात."

बाईंनी आरशातूनच त्यांच्याकडे बघितलं. "हेच द्या," त्या मुलीला म्हणाल्या.

आणि हे बूट आधीच्यांपेक्षा महाग निघाले. सोयीचं ते स्वस्त असेल अशी पट्टीसाहेबांची समजूत होती. ती बजेटसकट कोसळली.

"लाल पर्स परत करू," ते म्हणाले. "नाहीतरी त्यात काय मावणार?"

बाईंनी ती लहान पर्स काउंटरवर ठेवली आणि उघडली. खांद्यावरच्या मोठ्या पर्समधून रुमाल काढून तिच्यात ठेवला. किल्ली ठेवली. लाल पेन ठेवलं. चाप बंद केला. टक्क.

"मावलं," बाई म्हणाल्या. "जागा उरली."

मोठी पर्स काउंटरवर तशीच राहिली, आ वासून. मुलीने तिच्याकडे बघितलं, पट्टीसाहेबांकडे बघितलं, आणि अगदी धंद्याच्या आवाजात विचारलं, "साहेबांसाठी एखादी बॅग दाखवू?"

"नको," पट्टीसाहेब म्हणाले, आणि बायकोची जुनी पर्स उचलून स्वतःच्या खांद्याला लावली. आणखी एक बॅग घेतली असती तर मफलर गहाण टाकायची वेळ आली असती.

प्रत्यक्ष जागेवर

परत येताना फाटकाशी वकील उभे होते. त्यांनी पर्स बघितली. काही विचारणार तोच पट्टीसाहेब म्हणाले, "पावती आहे." वकिलांना यात कुठे बोट घालावं ते सुचलं नाही. वर गॅलरीत काकू होत्या. त्यांनी बाईंच्या पायांकडे बघितलं, लाल पर्सकडे बघितलं, आणि मान हलवली. काकू एवढ्यावर थांबल्या असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

घरी न शिरता दोघं तशीच पुढे गेली. बाई पुढे, पट्टीसाहेब एक पाऊल मागे. हात मागे बांधता येत नव्हते. एका हाताने पट्टा धरावा लागे, दुसऱ्याने छत्रीचा दांडा बरगडीत रुतू नये म्हणून दाबून ठेवावा लागे. कठड्यांविषयी त्यांनी एक वाक्य सुरू केलं आणि दम लागला म्हणून सोडून दिलं. उरलेलं बाईंनी पूर्ण केलं. त्यांना ते पाठ होतं.

बाकापाशी पट्टीसाहेबांनी गादी काढली आणि बाईंच्या अर्ध्यावर घातली. बाईंनी ती ओढून मध्ये घेतली. मध्ये घेतली की दोघांना चिकटून बसावं लागतं, हा त्या गादीचा गुण इतकी वर्षं कुणाच्या ध्यानात आला नव्हता.

थोड्या वेळाने पट्टीसाहेबांनी उजवा पाय लांब केला आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"बूट चावतायत. इतकी वर्षं घालतोय, कधी चावले नाहीत."

बाईंनी त्यांच्या बुटांकडे बघितलं, मग मांडीवरच्या भरल्या पर्सकडे. लाल पर्स उघडली, पेनाच्या टोकावर बोट फिरवून बघितलं, आणि ते परत ठेवून दिलं. टक्क.

"उद्या दुपारी जेवून जरा आडवे व्हा," त्या कालव्याकडे बघत म्हणाल्या. "मांजर येईल."